अपलोड करण्याआधी मोडून बघा

(आमच्या स्तंभलेखिकेचं सांगलीच्या गावभागात अनेक वर्षं अक्षरजुळणीचं दुकान होतं. स्वतःचं ई-पुस्तक स्वतःच काढू पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना त्या या अंकात उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी जावळी तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या लोकांच्या आठवणी आणि तिथल्या आयाबायांच्या जात्यावरच्या ओव्या मी गोळा केल्या आहेत. साताऱ्यात एका ठिकाणी टायपिंग करून घेतलं. छपाईचा खर्च झेपणारा नाही, म्हणून दिवाळीपर्यंत पुस्तक किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, स्वतःच प्रसिद्ध करायचं ठरवलं आहे. संगणकावर ते देखणं दिसतं. पण पुण्याच्या भाच्याला फाइल पाठवली तर त्याच्या मोबाइलवर काही ठिकाणी चौकोन दिसले, ओव्यांच्या ओळीही कुठेतरीच तुटल्या. प्रसिद्ध करण्याआधी हे सगळं तपासायचं कसं? त्यासाठी किंडल हे वाचायचं यंत्र विकत घ्यावं लागेल का? – एक वाचक, मेढा

उत्तर : गुरुजी, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. किंडल विकत घेऊ नका. माझ्या ओळखीत मराठी ई-पुस्तकं वाचणारी बहुतेक मंडळी मोबाइलवरच वाचतात, तेही काचेला तडा गेलेल्या, मेमरी भरत आलेल्या मोबाइलवर. तुमच्या घरात असा एखादा जुना अँड्रॉइड फोन असणारच. तो मोडीत काढू नका, तपासणीला तोच उपयोगी. किंडलचं ॲप मोफत मिळतं. खरं किंडल कुणाकडून तरी एका संध्याकाळपुरतं मागून आणा. कशासाठी, ते पुढे येईल.

संगणकावर पुस्तक देखणं दिसतं यावर मात्र विसंबू नका. ज्या यंत्रावर टाइप झालं तिथे तो फॉन्ट आहे, भलामोठा पडदा आहे, आणि बघणारे तुम्ही स्वतः लेखक आहात. तिथे ते देखणं दिसणारच! छापील पुस्तकात आम्ही पान लावायचो आणि ते जसंच्या तसं वाचकाच्या हातात जायचं. ई-पुस्तकाला पानच नसतं. अक्षर केवढं, पडदा काळा की पांढरा, फोन उभा की आडवा, हे सगळं वाचक ठरवतो. म्हणून वाचक जे जे करील ते ते आपण आधी करायचं आणि पुस्तक कुठे मोडतं ते बघायचं. मुद्दाम मोडायचंच.

आता चौकोन. ज्यांनी टाइप केलं त्यांना विचारा, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, आहे का. विचारायला संकोच वाटत असेल तर फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर घरातल्याच कुणाला तरी पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांचा काला दिसला तर जुना फॉन्ट. आमच्या धंद्याची निम्मी हयात श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांवर गेली. त्यांत फाइलच्या पोटात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फक्त तो फॉन्ट लावला की ती देवनागरीच्या वेषात दिसतात. कागदाला त्याची फिकीर नव्हती, कारण कागदावर आकार उमटला की काम झालं. पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रामला तर युनिकोड कळतच नव्हतं, त्यामुळे आम्हाला दुसरा मार्गही नव्हता. पण वाचकाच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसतो, आणि वेष उतरतो.

तुमच्या भाच्याला काहीच ठिकाणी चौकोन दिसले, सगळीकडे नाहीत. याचा अर्थ मजकूर बहुधा जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये बदलून घेतला आहे आणि बदलताना काही अक्षरं निसटली आहेत. एक शक्यता ‘ॲ’ची. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. फोनमधला फॉन्ट त्याआधीचा असेल तर ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. वेलांटी सुटून तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल तर कारण वेगळं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. ‘स्थिती’, ‘क्लिष्ट’ अशा जोडाक्षरांत रूपांतर करणारा प्रोग्राम हमखास गोंधळतो.

चौकोन आणि वर्तुळं निदान दिसतात तरी. जे डोळ्याला खुपत नाहीत ते दोष जास्त त्रासदायक, आणि त्यांत पहिला नंबर अर्ध्या ‘र’चा. तुमच्या पुस्तकात सातारा पानोपानी असणार. ‘साताऱ्यात’, ‘साताऱ्याहून’, ‘साताऱ्याचा’. रूपांतरात याचं ‘सातार्यात’, ‘सातार्याहून’ होतं. ‘खोऱ्यात’चं ‘खोर्यात’. ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’, ‘गुऱ्हाळ’चं ‘गुर्हाळ’. लेखकाला आपला मजकूर पाठ असतो, त्यामुळे डोळा त्यावरून सरकत जातो. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही सगळीकडे कामाला येत नाही, कारण ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर त्याच्या दृष्टीने तो शब्द बरोबरच आहे. जावळीत समुद्र आला तरी त्याला काय!

इलाज कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. वर्डमध्ये शोधाच्या चौकटीत ‘र्य’ घाला आणि एकेक जागा बघत जा. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’, ‘मर्यादा’ यांना हात लावायचा नाही. बाकीचे दुरुस्त करायचे. मग ‘र्ह’ शोधा. ‘सगळे एकदम बदला’ हे बटण चुकूनही दाबू नका, नाहीतर ‘सूऱ्य’ उगवेल. दुरुस्ती करताना ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळपाटावर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, मग ‘डी’च्या कळीवरचा हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग ‘य’. काही जण साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसतं तेच, पण एखादा प्रोग्राम ते अदृश्य चिन्ह गाळून टाकतो आणि पुन्हा ‘सातार्यात’ हजर.

विसर्गाचंही असंच. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत टायपिस्ट सर्रास कोलन मारतात. दिसायला फरक नाही, पण वाचकाने ‘दुःख’ शोधलं तर सापडत नाही. कोलन शोधून प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला.

एवढं झाल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी करू नका. अक्षरं धड नसताना मांडणी बघत बसणं म्हणजे भिंतीत ओल असताना रंग कुठला द्यायचा यावर घरात भांडण काढणं.

आता ओव्या. ओव्यांच्या ओळी लांब असतात आणि मोबाइलचा पडदा अरुंद. ओळ तुटणारच, ती तुटू नये असा हट्ट धरू नका. तुटलेला तुकडा नवी ओळ वाटू नये, एवढीच सोय करता येते. ओळीची सुरुवात डाव्या कडेला आणि त्याच ओळीचा खाली उतरलेला भाग थोडा आत, अशी मांडणी वर्डमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘हँगिंग’ म्हणून मिळते. ओवीतल्या दोन ओळींमध्ये शिफ्ट-एंटर, दोन ओव्यांमध्ये साधा एंटर, असंही काही जण करतात. पण मग हँगिंगची सोय फक्त पहिल्या ओळीला नीट लागते. म्हणून मी प्रत्येक ओळीचा वेगळा परिच्छेद करते आणि दोन ओव्यांमधलं अंतर स्टाइलमधून देते. स्पेसबार दाबून दाबून ओळी मधोमध आणल्या असतील तर ते सगळे स्पेस काढा. संगणकावर ते मधोमध दिसतात, फोनवर ओळ दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते. टॅबचंही तेच. आणि नवं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून दहा-बारा एंटर मारले असतील, तर वाचकाच्या फोनवर कोरा पडदा येतो आणि त्याला वाटतं पुस्तक संपलं. पेज ब्रेक वापरा.

गद्य मजकूर दोन्ही कडांना समान ताणलेला असेल, तर तो फक्त डाव्या कडेला लावा. मराठी शब्द लांब. ‘ग्रामपंचायतीसमोरच्या’ हा एकच शब्द, अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ खातो. उरलेल्या दोन शब्दांत मग बैलगाडी जाईल एवढी वाट पडते.

प्रकरणांच्या शीर्षकांना ठळक करून सोडू नका, ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावा. अनुक्रमणिका त्यावरूनच तयार होते. ‘पाहा पृष्ठ ४७’ असे उल्लेख असतील तर ते काढून प्रकरणाचं नाव द्या, कारण फोनवर सत्तेचाळिसावं पान नावाची वस्तू नाही. बोलीतल्या शब्दांच्या टिपा दिल्या असतील तर वर्डच्या तळटीप-सोयीतूनच द्या, म्हणजे टिपेवर बोट ठेवलं की अर्थ आणि परतीच्या खुणेवर ठेवलं की पुन्हा ओवी. तपासताना परतीचा रस्ता जरूर बघा. जायचे दुवे चालतात आणि यायचे मेलेले, असं फार वेळा दिसतं. तुमच्या आठवणींत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची तारीख येत असणार. ‘११’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘डिसेंबर’ खालच्या ओळीत असं होऊ नये म्हणून वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस वापरून न तुटणारा स्पेस घाला. ‘डॉ.’ आणि नाव यांच्यातही तोच.

आता फाइल ईपब या ई-पुस्तकाच्या प्रकारात करा. लिब्रे ऑफिस आणि गुगल डॉक्स दोन्हींतून थेट ईपब निघतं, कॅलिबर हा मोफत प्रोग्रामही ते करतो. ईपब म्हणजे खरं तर झिप केलेली गाठोडी. आत वेबपानांसारखी पानं, चित्रं आणि मांडणीच्या सूचना. ही गाठोडी नियमाप्रमाणे बांधली आहे की नाही हे तपासायला ‘ईपबचेक’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी हीच संस्था ईपबचे नियम ठरवते आणि तिच्या वतीने डेझी कन्सॉर्शियम ही संस्था ईपबचेकचा सांभाळ करते. तो चालवायला थोडी तांत्रिक माहिती लागते, तिथे भाच्याला कामाला लावा. पण ईपबचेक पास झाला म्हणून पेढे वाटू नका. बांधणी शाबूत आहे एवढंच तो सांगतो. ‘खोर्यात’ चूक आहे हे त्याला काय कळणार?

पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ नोंदली आहे ना, हेही याच वेळी बघा. पुष्कळदा तिथे इंग्रजी राहून जाते. काही फॉन्टांत भाषा मराठी असेल तरच ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्रही भाषेच्या नोंदीवरूनच आवाज निवडतं. स्वतःचा फॉन्ट पुस्तकात घालायचा असेल तर नोतो किंवा मुक्त यांसारखा खुल्या परवान्याचा घाला. दुकानातल्या संगणकावर सापडला म्हणून कुठलाही उचलू नका. माझं विचाराल तर घालूच नका. वाचकाच्या फोनमध्ये देवनागरी आहे, आणि फॉन्ट जेवढा कमी तेवढी भानगड कमी.

यानंतर ॲमेझॉनचा ‘किंडल प्रिव्ह्यूअर’. हा विंडोज आणि मॅक संगणकावर मोफत चालतो आणि तुमचं पुस्तक फोन, टॅब्लेट आणि किंडल अशा तीन रूपांत दाखवतो. त्यात अक्षर लहान-मोठं करता येतं, पडदा आडवा करता येतो. ढोबळ दोष इथेच सापडतात. पण तो संगणकावरचा देखावा आहे, म्हणून पुढची पायरी खऱ्या फोनची. ‘सेंड टू किंडल’ या ॲमेझॉनच्या सोयीने ईपब स्वतःच्या किंडल ॲपमध्ये पाठवा. तीच फाइल गुगल प्ले बुक्समध्ये चढवा. कुणाकडे आयफोन असेल तर त्याच्या ॲपल बुक्समध्ये उघडा. उद्या पुस्तक दुसऱ्या ठिकाणीही द्यावंसं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून बघायला नको.

फोन हातात आला की मोडतोड सुरू करा. अक्षर सगळ्यांत मोठं करा. साठी उलटलेला वाचक, म्हणजे तुमचाच वाचकवर्ग, असंच वाचणार आहे. शीर्षक तीन ओळींत फुटतं का? ओवीची ओळ किती वेळा वळते? मग अक्षर अगदी लहान करा. फोन आडवा करा. पडदा काळा करा. टायपिस्टने अक्षरांना ‘ऑटोमॅटिक’ऐवजी मुद्दाम काळा रंग दिला असेल तर काळ्यावर काळं होऊन मजकूर नाहीसा होऊ शकतो. अनुक्रमणिकेतून प्रत्येक प्रकरणावर उडी मारून बघा, नमुन्यादाखल दोनचार बघून सोडू नका. ‘सातारा’ शोधा, मग ‘साताऱ्यात’ शोधा. एखादी ओवी अधोरेखित करा. मधूनच पुस्तक बंद करून पुन्हा उघडा.

आणि उसनं आणलेलं किंडल छायाचित्रांसाठी. त्याचा साधा पडदा करड्या छटांचाच असतो. कासच्या पठारावरची फुलं तुम्ही पुस्तकात घातली असतील – आणि साताऱ्याचं पुस्तक असून ती नसतील तर मलाच चुकल्यासारखं वाटेल – तर जांभळी आणि गुलाबी फुलं तिथे एकाच राखाडी रंगात बुडतात. हातात घेऊन बघितल्याशिवाय हे पटत नाही. ज्यांत रंगच जीव आहे ती चित्रं गाळा, किंवा उजेड-अंधाराचा फरक ठळक असलेली निवडा. छायाचित्र वर्डमध्ये ‘मजकुराच्या ओळीत’ ठेवलेलं हवं. मजकुरावर तरंगणारं चित्र रूपांतरात कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. चित्र एका पडद्यावर आणि त्याखालची ओळ पुढच्या पडद्यावर जाते का, तेही बघा. पाण्याखाली गेलेल्या एखाद्या देवळाच्या फोटोखाली दुसऱ्याच गावचं नाव आलं तर त्या गावचे लोक तुम्हाला माफ करणार नाहीत.

शेवटी माणसं. तुम्ही स्वतः कितीही वाचलंत तरी तुमचा डोळा तुम्हाला हवं तेच वाचणार. पुस्तक वेगवेगळ्या सवयीच्या लोकांना द्या : एक मोठं अक्षर लागणारे आजोबा, एक रात्री एसटीत काळ्या पडद्यावर वाचणारा मुलगा, आणि शक्य झालं तर त्या ओव्या जिच्याकडून घेतल्या तिची लेक किंवा सून. कच्ची चूक तीच पकडेल. सगळ्यांना एकच गोष्ट बजावून सांगा : चूक कळवताना पान नंबर सांगू नका, चुकलेल्या शब्दाच्या आजूबाजूची चार शब्दांची ओळ पाठवा, किंवा पडद्याचा फोटो. ‘पान ३२ वर गडबड आहे’ असा निरोप आला तर तुमच्या फोनवरचं बत्तिसावं पान वेगळंच निघेल. आलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ वर्ड फाइलमध्येच करा. ईपबमध्ये घाईने केलेली दुरुस्ती पुढच्या रूपांतरात नाहीशी होते. फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. २०१९ च्या पुरानंतर गावभागात किती जणांच्या सीड्या आणि हार्ड डिस्क चिखलातून निघाल्या ते मी बघितलं आहे.

दिवाळीचा मुहूर्त गाठायचाच असेल तर शेवटचे पंधरा दिवस मजकुराला हात लावायचा नाही असं आत्ताच ठरवा. शेवटच्या रात्री घातलेल्या परिच्छेदातच चौकोन निघतो.

प्रश्न : आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. खरड छाटणी आणि फळ छाटणीनंतर दिवसांनुसार कामं, खतं, फवारण्या यांची छोटी पुस्तिका केली आहे. सात रकान्यांचे तक्ते आहेत. मोबाइलवर शेवटचे रकाने दिसतच नाहीत. तक्त्यांचे फोटो काढून टाकले तर चालेल का? – एक बागायतदार, तासगाव

उत्तर : नाही दादा. फोटोतलं अक्षर वाचकाला मोठं करता येत नाही. चिमटीने ताणावं तर निम्मा तक्ता पडद्याबाहेर जातो. त्यात काही शोधता येत नाही, आणि काळ्या पडद्यावर तो पांढराफेक डोळ्यांवर येतो.

तुमचा वाचक पुस्तिका कुठे उघडणार हे डोळ्यांसमोर आणा. बागेत, भर उन्हात, एका हातात फोन. त्याला सातही रकाने एकदम नको आहेत. त्याला हवंय : छाटणीनंतर आज अमुक दिवस झाले, आज काय करायचं? म्हणून तक्ता फोडा. प्रत्येक टप्प्याला ‘हेडिंग २’ देऊन शीर्षक, खाली काम, मात्रा, खबरदारी अशा तीन-चार सुट्या ओळी. शीर्षकं अनुक्रमणिकेत आली की बागायतदार बोटाच्या एका टिचकीत त्या दिवसावर पोचतो. तक्ता ठेवायचाच असेल तर तीन रकान्यांपुढे जाऊ नका, आणि तोही सगळ्यांत मोठ्या अक्षरात तपासा.

तुमची खरी तपासणी आकड्यांची आहे, आणि तिथे मी कुणाचीही गय करणार नाही. कथेत काना-मात्रा चुकली तर वाचक हसेल. मात्रा चुकली तर बाग जळेल. ‘०.५’मधलं टिंब रूपांतरात गळलं की ‘०५’ होतं. आकडा एका ओळीत आणि ‘मिली’ दुसऱ्या ओळीत गेलं की खालच्या ओळीतला दुसराच आकडा त्याला चिकटतो. म्हणून तिथे न तुटणारा स्पेस. मराठी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ नको, नाहीतर ‘१०’ शोधणाऱ्याला इंग्रजीत लिहिलेला दहा सापडणार नाही. जुन्या छापखान्यांतली प्रुफं वाचायची रीत इथे वापरा : एकाने मूळ कागदावरून आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने फोनवर बघून ‘हो’ म्हणायचं. फोनवर त्याने मूळ फाइल नाही, शेवटचं ईपब उघडायचं. औषधांच्या मात्रा डब्यावरच्या लेबलशी ताडून घ्या, आठवणीवर सोडू नका. आणि एकदा दुपारी बारा वाजता बागेत उभं राहून पुस्तिका उघडा. फिकट राखाडी अक्षरात छान छान टिपा दिल्या असतील, तर त्या उन्हात कुणालाच दिसणार नाहीत.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. माझा छोटा कवितासंग्रह किंडलवर टाकायचा आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो का? आणि प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर काय करायचं? – एक विद्यार्थिनी, कऱ्हाड

उत्तर : किंडलला आयएसबीएन लागत नाही, ॲमेझॉन प्रत्येक ई-पुस्तकाला स्वतःचा क्रमांक देतं. पुढे दुसरीकडे लागला, तर भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर.

चूक सापडली तर दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येते. मात्र ज्यांनी आधी विकत घेतलं त्यांच्या फोनवर ती आपोआप जाईलच असं नाही. आणि कवितासंग्रहाचे पहिले वाचक म्हणजे मैत्रिणी, मावश्या, शिक्षक. त्यांच्याकडे नेमकी चुकीची प्रत राहते. वर गुरुजींना ओव्यांबद्दल सांगितलं ते सगळं तुला लागू आहे. तुझी कविता छोट्या ओळींची असेल तर तुझं काम त्यांच्याहून सोपं आहे. ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकवत नेल्या असशील तर मात्र त्या फोनवर आधी बघ आणि बहुतेक ठिकाणी मोह आवर.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण कवितासंग्रहांत हमखास घडते. किंडलवर विकत घेण्याआधी पुस्तकाचा सुरुवातीचा सुमारे दहावा भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो. आपल्याकडे आधी अर्पणपत्रिका, मग मान्यवरांची प्रस्तावना, मग मनोगत, मग ऋणनिर्देश. चाळीस कवितांचं पुस्तक, आणि नमुना संपतो कुणाकुणाच्या आभारांवर! प्रिव्ह्यूअरमध्ये पुस्तक उघड आणि पहिल्या दहाव्या भागात तुझ्या किती कविता येतात ते मोज. एकही येत नसेल तर प्रस्तावना आणि ऋणनिर्देश उचलून शेवटी टाक. ज्यांनी प्रस्तावना लिहिली त्यांना आधी फोन करून सांग मात्र.